सलग पाहत बसावेत असे यूट्यूब चॅनेल कोणते?

तुम्ही लिहिले आहे की पदवीची परीक्षा आटोपली आहे, बाहेर पाऊस लागला आहे आणि पुढचे काही आठवडे रोज दोन-तीन तास सलग पाहता येतील असे चॅनेल हवे आहेत. अट एवढीच की, पाहून झाल्यावर वेळ वाया गेल्यासारखे वाटू नये. मी हर्णै बंदराजवळच्या एका गावात राहतो. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि होड्यांची दुरुस्ती करणाऱ्या माझ्या वडिलांनाही भर पावसात फारसे काम नसते. त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न दर वर्षी आमच्या घरातही पडतो. अनुभवाने माझे मत असे झाले आहे की, ज्यात एकच काम भागामागून भाग पुढे सरकत जाते, तेच चॅनेल सलग पाहण्याजोगे असते. सुट्या विषयांचे चॅनेल कितीही चांगले असले, तरी दहावा व्हिडिओ संपेपर्यंत पहिला विसरायला होतो.

या कसोटीवर माझी पहिली शिफारस 'सॅम्पसन बोट को' या चॅनेलची आहे. लिओ गूल्डन या ब्रिटिश नौकाबांधणी कारागिराने 2017 साली 'टॅली हो' नावाची मोडकळीस आलेली लाकडी शिडाची नौका नाममात्र किमतीत घेतली. ही नौका 1910 साली इंग्लंडमध्ये बांधलेली. 1927 च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या समुद्री शर्यतीत हवामान इतके बिघडले होते की फक्त दोन नौका शर्यत पूर्ण करू शकल्या, आणि नौकेच्या आकारानुसार सवलत धरून काढलेल्या वेळेत ही विजयी ठरली होती. पुढे ती पॅसिफिकमध्ये एका प्रवाळखडकावर आदळली आणि शेवटी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरील एका बंदरात कित्येक वर्षे कुजत पडली. गूल्डन यांनी ती वॉशिंग्टन राज्यात नेली, कण्यापासून पुन्हा बांधली आणि 2024 मध्ये पाण्यात उतरवली. या सात वर्षांचे काम चॅनेलवर क्रमाने आहे. तळाचा कणा, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात, तो बदलला; बरगड्यांसाठी जॉर्जिया राज्यातून ओकचे कठीण लाकूड आणले; आणि जुन्या नौकेतले जवळजवळ सगळे लाकूड टप्प्याटप्प्याने काढून त्याच आकारात नवे बसवले.

माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही. तरीही हे चॅनेल त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईने पाहिले आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवण्याचा भाग आम्ही पाहत होतो. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी गूल्डन काय सांगत आहेत ते मराठीत सांगू लागलो, तेव्हा वडिलांनी मला हाताने थांबवले आणि म्हणाले, "बोलू नको, आवाज ऐक." मोगरीचा ठोका आधी पोकळ येत होता, मग हळूहळू घट्ट होत गेला. "आता भरला सांधा," असे ते म्हणाले आणि पडद्यावरचा हातही नेमका त्याच वेळी पुढच्या वितीवर सरकला. चाळीस वर्षे होडीच्या पोटाखाली बसून ज्यांनी हाच आवाज ऐकला आहे, त्यांना तो अर्ध्या पृथ्वीपलीकडून ओळखता आला, याचे मला आजही फार अप्रूप वाटते. (कारखान्यात पांचो नावाचा एक मोठा रंगीत पोपट कारागिरांच्या खांद्यावर बसलेला दिसतो, तो आला की आईलाही हाक मारावी लागते.)

दुसरे चॅनेल 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी'. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे जॉन प्लांट 2015 पासून हे चालवत आहेत. ते एक शब्दही बोलत नाहीत. जंगलात मिळणारी माती, दगड, लाकूड आणि वेल एवढ्यावरच झोपडी, कौले, भट्टी, मडकी असे सगळे तयार करतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उपशीर्षके सुरू केल्याशिवाय हे चॅनेल पाहू नका, कारण प्रत्येक कृतीमागचे कारण त्यांनी तिथेच लिहिलेले असते. यातली लोखंडाची मालिका मला सर्वांत मोलाची वाटते. ओढ्याच्या कडेला साचणारा नारिंगी गाळ लोहयुक्त असतो, कारण तिथले जिवाणू पाण्यात विरघळलेल्या लोहाचा गंज करून तो साठवतात. हा गाळ कोळशाच्या भुकटीत मिसळून, मातीच्या भट्टीत हाताने वारा घालत तापवला की राखेत लोखंडाचे बारीक मणी मिळतात, आणि पुढे तशाच मण्यांपासून त्यांनी एक लहानशी सुरीही केली. आमच्या जांभ्याच्या सड्यावरून येणाऱ्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पावसाळा संपताना हाच नारिंगी गाळ आणि त्यावरची तेलकट दिसणारी साय मी लहानपणापासून पाहिली होती. कोणी तेल सांडले असेल अशी माझी समजूत होती. ती साय काठीने हलवली तर तिचे काचेसारखे तुकडे होतात, तेलाची मात्र पुन्हा सलग चकती होते, आणि एवढ्या साध्या परीक्षेने ती समजूत दूर झाली. या चॅनेलची नक्कल करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींचे पोहण्याचे तलाव कॅमेऱ्यामागे यंत्राने खणलेले असतात. त्यांच्या नादी लागू नका.

तुम्ही विज्ञान शाखेचे असाल, तर 'थ्री ब्लू वन ब्राउन' हे गणिताचे चॅनेल सुचवतो. ग्रँट सँडरसन यांनी 2016 मध्ये रेषीय बीजगणितावर आणि 2017 मध्ये कलनशास्त्रावर (कॅल्क्युलस) केलेल्या मालिका क्रमाने पाहण्यासाठीच आहेत. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट नसून संपूर्ण प्रतल ताणण्याची किंवा कलवण्याची क्रिया आहे, हे ते चौकोनी जाळी हलवून दाखवतात. रेषा समांतर राहतात, त्यांमधली अंतरे सारखी राहतात, चौकोनांचे फक्त समांतरभुज चौकोन होतात. मासेमारीच्या जाळ्याचा चौकोनी आस, म्हणजे एक डोळा, तिरका ओढला की असेच होते, हे मी रोज पाहत होतो. महाविद्यालयात मात्र ते मला कोणी जोडून दाखवले नव्हते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'व्हेरिटासियम' हे विज्ञानाचे चॅनेल सुरू करणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी.साठी नेमका हाच प्रश्न अभ्यासला होता की, व्हिडिओ पाहून भौतिकशास्त्र खरोखर समजते का. स्वच्छ, सरळ स्पष्टीकरण पाहणाऱ्यांना ते समजल्यासारखे वाटले, पण परीक्षेत फारसा फरक पडला नाही. आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडणारे व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते अवघड वाटले, तरी त्यांची प्रगती अधिक झाली. म्हणून गणिताचे भाग एका बैठकीत दोनाहून अधिक पाहू नका, आणि प्रत्येक भागानंतर फोन पालथा ठेवून एक उदाहरण वहीत सोडवा. बोटीचे भाग मात्र बेलाशक सहा पाहा.

मराठीत पाहायचे असेल तर प्रसाद गावडे यांचे 'कोकणी रानमाणूस' पाहा. सिंधुदुर्गातील देवराया, कांदळवने, रानभाज्या आणि निसर्गाला धरून जगणारी माणसे त्यात दिसतात, आणि कोकणात पर्यटन कसे असावे याविषयी ठाम भूमिकाही आहे. तिथे भागांचा क्रम पाळण्याची गरज नाही.

आमच्याकडे जुलैत वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात. मी दापोलीला गेलो की आठवड्याचे भाग उतरवून आणतो, आणि आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद ठेवतो, नाहीतर तिसऱ्या भागानंतर भलतेच काही सुरू होते. 'टॅली हो'ची यादी सर्वांत जुन्या भागापासून लावा. या वर्षी वडिलांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली आहे. काल आम्ही कण्यापर्यंत आलो, आणि आता बरगड्या सुरू होतील.