बाल्कनी शेडचा रेट नंतर विचारा, आधी लेखी परवानगी घ्या (अनुभव, थोडा लांबलाय)

"मॅनेजर म्हणाला लावा बिनधास्त, इथे कोणी काही म्हणत नाही." तुमच्या पोस्टमधलं हे एक वाक्य वाचून लॉगिन केलं, एरवी मी इथे नुसती वाचून जाणारी. बाकी तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ठाण्यात सातवा मजला, बाल्कनी १२ फूट लांब, पाऊस थेट हॉलच्या स्लायडिंगपर्यंत येतो, ४ फूट बाहेर येणारी शेड हवी आहे आणि तीन कोट आलेत. पॉलीकार्बोनेट (कडक प्लास्टिकची शीट) आणि एमएसची (साध्या लोखंडाची) फ्रेम २३० रुपये स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ११ हजार, तीच शेड एसएस ३०४ मध्ये (म्हणजे स्टेनलेस स्टील) २६ हजार, आणि मोटरवालं फोल्डिंग ऑनिंग ६२ हजार. यातलं कुठलं घ्यावं.

आधी सांगून ठेवते, मी फॅब्रिकेटर नाही, वकील तर अजिबातच नाही. पुण्यातल्या एका मोठ्या स्कीममध्ये राहते, माझे आकडे २०२२-२३ चे आहेत आणि तेव्हापासून रेट वर गेले असणार. तुमच्या सोसायटीचे नियम वेगळे असू शकतात.

६२ हजारवालं आधी बाजूला ठेवा. ते वाईट असतं असं नाही, माझ्या मावसबहिणीच्या बंगल्याला आहे आणि एप्रिल-मे मध्ये तिला त्याचं फार सुख आहे. पण ते उन्हासाठी असतं. कापड आणि दोन घडीचे हात, जोराचा वारा आला की गुंडाळून घ्यायचं, उतार कमी असेल आणि मोठी सर आली तर कापडात पाण्याचा खळगा होतो आणि ते सगळं वजन त्या हातांवर येतं. म्हणजे जुलैत ज्या दिवशी तुम्हाला त्याची गरज, त्याच दिवशी ते बंद करून ठेवायचं. पावसासाठी विचारताय तर हे नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही, त्याला सरळ विचारा की किती वाऱ्याला बंद करायचं ते कागदावर लिहून द्या.

आता २३० चा रेट. १२ गुणिले ४ म्हणजे ४८ फूट, ११,०४०, बरोबर. पण माझ्या अनुभवात हा आकडा कधीच शेवटचा नसतो. जीएसटी १८ टक्के धरलाय का, पावडर कोटिंग आहे का नुसता ब्रश मारलेला ऑइल पेंट, अँकर फास्टनर (भिंतीत बसवायचे बोल्ट) कोणाचे, सातव्या मजल्यावर बाहेरून काम करायचं म्हणजे बेल्ट, दोरी, झुला जे काही लागेल ते कोणाच्या खर्चात, मटेरियल लिफ्टने न्यायला सोसायटी चार्ज लावते का. आणि माप उताराच्या लांबीवर धरणार का सपाट, हेही विचारा, त्यात दोनतीन फूट सहज निघतात. माझा कोट १० हजारांचा होता आणि हातातून साडेचौदा गेले, त्यात कोणी फसवलं असंही नाही, मध्येमध्ये सगळे "ते वेगळं असतं मॅडम" निघत गेले.

पण हे साडेचौदा मी विसरले सुद्धा असते. खरा खर्च झाला तो त्यानंतर, आणि तो त्या "लावा बिनधास्त" मुळे.

आमच्याकडे तेव्हा सोसायटी रजिस्टर झाली नव्हती. बिल्डरने नेमलेली एक फॅसिलिटीवाली कंपनी सगळं बघायची (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), त्यांचं ऑफिस म्हणजे गेटजवळची प्लायवूडची केबिन. मी गेले, स्केच दाखवलं, मॅनेजर म्हणाला लावा, बी विंगमध्ये चार जणांनी लावल्यात. मी म्हटलं एक अर्ज देते, त्यावर परवानगी लिहून द्या. तर म्हणे लेखी आम्ही देत नाही मॅडम, मेल टाका. मेल टाकला. उत्तर नाही. परत गेले, निदान अर्जाची पोच तरी द्या म्हटलं, आवक रजिस्टर समोर टेबलावर पडलेलं, त्यावर चहाचा कप ठेवलेला, आणि उत्तर काय तर शिक्का साहेबांकडे असतो, साहेब हेड ऑफिसला असतात. साहेब कधी येतात? मंगळवारी. मंगळवारी गेलं की साहेब दुसऱ्या साइटवर. आणि प्रत्येक वेळी वर हेच, तुम्ही काम सुरू करा हो, कोण विचारतंय. पाऊस तोंडावर आलेला, फॅब्रिकेटर म्हणतो आता नाही केलं तर दिवाळीनंतरच, मग लावली शेड.

म्हटलं महापालिकेत तरी विचारून यावं, क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथे पहिल्या टेबलावर सांगितलं एवढ्याशा शेडला परवानगी लागत नाही. मी म्हटलं मग असं लिहून द्या. तर दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथे सांगितलं लागते, आर्किटेक्टमार्फत अर्ज करा. पहिल्या टेबलावर परत येऊन हे सांगितलं तर ते म्हणाले मी तसं म्हटलंच नाही. मुंबई सोडून बऱ्याचशा राज्याला लागू असलेली जी बांधकामाची युडीसीपीआर नियमावली आहे, २०२० ची, तिच्यात पावसाळ्यापुरत्या गच्चीवरच्या आच्छादनाला तात्पुरत्या परवानगीची सोय आहे, पण भिंतीत ठोकून बाराही महिने राहणारी बाल्कनीची शेड त्यात बसते असं मला कोणीही छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. उद्या कोणी तक्रार केली तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याची नोटीस ज्याच्या नावावर फ्लॅट त्याला येते, मॅनेजरला नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुढे सोसायटी झाली, कमिटी आली, आणि बिल्डिंगच्या बाहेरच्या रंगाचं काम निघालं. तेव्हा सगळ्या शेडवाल्यांना पत्र, सोबत आपल्याच बाल्कनीचा खालून काढलेला फोटो, की इमारतीच्या एलिव्हेशनला (बाहेरून दिसणाऱ्या रूपाला) बाधा आणणारं बांधकाम विनापरवाना केलंय, काढा, नाहीतर सोसायटी काढेल आणि खर्च तुमच्या बिलात. कमिटीचा मला राग नाही हां, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) बदल करायचा तर कमिटीची परवानगी लागतेच, ते त्यांच्या जागी बरोबर होते. राग येतो तो त्या मॅनेजरचा. तोच माणूस, आता कमिटीच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेला, आणि म्हणतो कसा, "मॅडम, मी असं बोलल्याचं आठवत नाही." मेल दाखवला. तर म्हणे मेल तुम्ही टाकलाय, आमचं उत्तर कुठंय त्यात? ज्यांनी मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं तेच हे विचारतायत. व्हॉट्सॲप ग्रुपवर मग दोन पार्ट्या पडल्या, शेडवाले आणि बिनशेडवाले, ज्यांच्या घरात पाणी येत नाही त्यांना एलिव्हेशनचं भारी प्रेम. जाऊदे.

हिशोब सांगते म्हणजे कळेल. शेड उतरवायचे ४,५००, कारण काढणं हे लावण्यापेक्षा जोखमीचं, शीट वाऱ्यात हातातून सुटली तर खाली पार्किंग आहे. अँकरची भोकं बुजवून भिंतीला तोच टेक्स्चर आणि तीच रंगछटा मारून द्यायचे ६,२००, तेही सोसायटीच्याच कॉन्ट्रॅक्टरकडून करायची सक्ती. मग जनरल बॉडीत एक डिझाइन मंजूर झालं, सगळ्यांना एकसारखं, राखाडी शीट, ३ फूटच बाहेर. माझी फ्रेम ४ फुटांची. कापून परत वेल्डिंग केलं की पावडर कोटिंग जळतं, परत कोटिंगला पाठवा, त्यापेक्षा नवीन स्वस्त, ते झाले १०,३००. एकूण २१ हजार. जुनी फ्रेम भंगारात गेली. म्हणजे साडेचौदाची शेड मला साडेपस्तीसला पडली आणि वर एक फूट लहान.

तर माझं मत विचाराल तर मॅनेजरच्या तोंडी होकाराला काडीचीही किंमत नाही. सोसायटी रजिस्टर झाली असेल तर अर्ज सेक्रेटरीच्या नावे, सोबत माप, फोटो, रंग, मटेरियल लिहून, दोन प्रतीत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणजे सही, तारीख, शिक्का. घेत नाहीत ना? स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मेलच्या शेवटी नुसतं "कृपया कळवावे" लिहू नका, "अमुक तारखेला आपण तोंडी परवानगी दिली त्यानुसार काम सुरू करत आहे" असं लिहा, मग समोरच्याला गप्प बसणं जड जातं. याने परवानगी मिळते असं नाही (परत सांगते, वकील नाही मी), पण तुम्ही विचारलं होतं आणि त्यांनी काय सांगितलं होतं एवढं तरी कागदावर राहतं. आणि सोसायटी अजून रजिस्टर व्हायची असेल तर सरळ थांबा, एक पावसाळा ताडपत्री किंवा जाड पारदर्शक रोल-अप पडदा लावा, दोनतीन हजारात भागतं.

सगळ्यात उत्तम म्हणजे शेड हवी असणारे आठदहा जण गोळा करून एकत्र अर्ज द्या आणि डिझाइन आधीच मंजूर करून घ्या. फॅब्रिकेटरही मग रेट पाडून देतो.

आता मटेरियलचं थोडं, कारण लेखी मिळाल्यावर हे लागेलच. "४० बाय ४० चा पाइप" एवढंच कोटमध्ये असेल तर ते काहीच सांगत नाही, जाडी विचारा. २ मिलीमीटर जाडीचा असेल तर २० फुटी पाइप साधारण साडेचौदा किलो भरतो, १.२ चा असेल तर नऊ किलोच्या आत. दिसायला दोन्ही सारखेच, रंग मारल्यावर तर देवालाही कळणार नाही. म्हणून पाइप रंगायच्या आधी वर्कशॉपला जा आणि काट्यावर ठेवायला सांगा, चांगला माणूस नाही म्हणत नाही.

पॉलीकार्बोनेटची पोकळ खान्यांची शीट असेल तर ते खाने उताराच्या दिशेने, म्हणजे भिंतीकडून बाहेर, असे आले पाहिजेत. १२ फुटांना मध्ये एक जॉइंट पट्टी येतेच. ती पट्टी वाचवायला काही जण शीट आडवी टाकतात, मग खान्यात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि पुढच्या वर्षी आत हिरवं शेवाळ, ते कशानेच निघत नाही. यूव्ही कोटिंगची बाजू वर, शीटच्या फिल्मवर छापलेलं असतं, फिल्म काढायच्या आधी स्वतः बघा. टोकं टेपने बंद, खालच्या टोकाला पाणी झिरपू देणारी टेप. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं आणि खाली रबरी वॉशर, कारण सहा फुटी शीट थंडी-उन्हात चारपाच मिलीमीटर हलते, आवळून मारली तर स्क्रूपाशीच तडकते. सिलिकॉन न्यूट्रल वापरायला सांगा, तो व्हिनेगरसारखा वास येणारा नको, त्याने शीट खराब होते.

एसएस घ्यायचं का? ठाण्यात खाडीच्या बाजूला असाल तर मी विचार केला असता. पण ३०४ म्हणून २०२ (हलकी, स्वस्त ग्रेड) देणारे भरपूर आहेत आणि लोहचुंबक लावून काही कळत नाही, दोन्हीला तो जवळजवळ चिकटत नाहीच. निकेल टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, त्याचा थेंब टाकून बघता येतं, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. हे करायचा कंटाळा असेल तर जाड एमएस, नीट प्रायमर आणि पावडर कोटिंग, तेवढंच पुरे. १५ हजार जास्त देऊन २०२ घरी आणण्यापेक्षा बरं.

कबुतरांचं आधीच सांगते, शेड झाली की ती येणारच. वरून काट्यांची पट्टी त्याच वेळी लावून घ्या, नंतर तेवढ्यासाठी सातव्या मजल्यावर कोणी लटकायला येत नाही. आणि शेडचं पाणी खालच्या बाल्कनीत पडणार असेल तर पुढे पन्हळ लावा, तक्रार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

काम शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. मे महिन्यात फॅब्रिकेटर फोन उचलत नाहीत आणि उचलला तर रेट वेगळा.

अजून एक, तुमच्या बाल्कनीच्या वरची भिंत कशाची आहे ते लिहिलं नाहीये. आरसीसी बीम असेल तर साधे अँकर चालतात, पण हल्लीच्या बिल्डिंगसारखी हलक्या ब्लॉकची असेल तर तेच अँकर वाऱ्याला सैल होऊन निघतात, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला) किंवा बीमपर्यंत ब्रॅकेट न्यावा लागतो आणि मग २३० चा रेट राहत नाही. ड्रिलने एक छोटं भोक मारून बघा, पांढरी भुकटी सहज आली तर ब्लॉक. ते कळलं की इथेच लिहा, माझ्या दुसऱ्या शेडचं ब्रॅकेटचं स्केच ठेवलंय, फोटो टाकते.