टार्झनचा मराठी अनुवाद करायला कुणाची परवानगी लागते का?

'टार्झन ऑफ द एप्स'चा अनुवाद करून ई-पुस्तक विकायचं आहे, कॉपीराइटची अडचण येईल का, असं तुम्ही विचारलंय. या पुस्तकापुरती नाही येणार. जरूर करा.

मूळ लेखक एडगर राइस बरोज 19 मार्च 1950 ला वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं लेखन भारतात 1 जानेवारी 2011 पासून मोकळं आहे. अमेरिकेत मात्र हिशोब प्रकाशनाच्या वर्षावरून, 95 वर्षांचा. ही कथा 'ऑल-स्टोरी' मासिकात ऑक्टोबर 1912 मध्ये आली आणि पुस्तक 1914 मध्ये, त्यामुळे तिथेही प्रश्न मिटलेला. पण 1930 च्या दशकातल्या बऱ्याच टार्झनकथांवर तिथे अजून हक्क आहे. ई-पुस्तक जगभर विक्रीला ठेवणार असाल तर पहिल्या काही पुस्तकांपुरतंच थांबा.

खरी काळजी घ्यायची ती इतर गोष्टींची. जुना मराठी अनुवाद समोर ठेवून त्याची वाक्यं उचलू नका. त्या अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. मुखपृष्ठासाठी चित्रकार फ्रँक फ्रझेटा यांचं चित्र घेऊ नका, ते 2010 साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर हक्क अजून आहे. सिनेमातली आरोळी, संवाद, चित्रं यांचे हक्क वेगळे. आणि बरोज यांनी 1923 साली स्थापन केलेली कंपनी 'टार्झन' हे नाव ट्रेडमार्क म्हणून जपते. 2012 मध्ये तिने अमेरिकेतल्या एका कॉमिक्स प्रकाशकावर दावा लावला होता, आणि त्या प्रकाशकाने तर अंकाच्या नावात 'टार्झन' शब्दही वापरला नव्हता. मूळ पुस्तकाचं नाव म्हणून तो शब्द लिहिणं वेगळं आणि 'टार्झन मालिका' असा स्वतःचा ब्रँड काढणं वेगळं. मुखपृष्ठ छापण्याआधी एकदा वकिलाला दाखवा.

मूळ इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मी त्यातली चार प्रकरणं मराठीत करून पाहिली आहेत. सिनेमातला तुटक बोलणारा टार्झन इथे नाहीच! हा मुलगा मेलेल्या आईवडिलांच्या झोपडीतल्या पुस्तकांवरून इंग्रजी वाचायला एकटा शिकतो, आणि माणसांची भाषा पहिल्यांदा बोलतो ती फ्रेंच. अक्षरांना तो 'छोटे किडे' समजतो तो भाग मराठीत फार सुंदर उतरतो. मासिकातल्या पहिल्या छपाईत आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघीण होती. वाचकांनी चूक दाखवल्यावर पुस्तकात तिची सिंहीण झाली.

आफ्रिकन माणसांचं चित्रण मात्र जागोजागी अपमानास्पद आहे. मला ती वाक्यं गुळगुळीत करून टाकणं पटत नाही. जशी आहेत तशी आणा, आणि प्रस्तावनेत वाचकाला आधीच स्पष्ट सांगा.