‘माळकरी हायस ना रे तू?’

पत्र लिहिणारा मुलगा 26 वर्षांचा, केज तालुक्यातला. आईवडील वर्षानुवर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले, त्यांच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीवर हा बी.कॉम. झाला. तीन वर्षं झाली, बायांच्या गटाला लोन देणाऱ्या एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. घर वारकऱ्याचं, गळ्यात तुळशीची माळ. मागच्या मंगळवारी गटाच्या वसुलीच्या मीटिंगला एक म्हातारी आली. कर्ज सुनेच्या नावावर. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, दोन नातवंडं म्हातारीपाशी. हप्ता 1,100 रुपयांचा, पदराच्या गाठीतून निघाले 400. पैसे पुरे झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा शाखेचा शिरस्ता. रोजगार बुडतो म्हणून बाकीच्या बाया म्हातारीवर तुटून पडल्या आणि हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तेव्हा ती म्हणाली, “माळकरी हायस ना रे तू?” त्या रात्री हरिपाठात याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मॅनेजर म्हणतात, देव घरी ठेवून येत जा. ‘ताई, माळ काढू की नोकरी सोडू?’ असं त्यानं विचारलंय.

लेकरा,

माळ काढू नकोस. म्हातारीनं हा प्रश्न तुझ्या मॅनेजरला विचारला नसता. तुझी माळ बघून तिला वाटलं, याला विचारता येतं. भर मीटिंगमध्ये तिच्या हातात तेवढंच होतं. तेही काढून घेणार का तू?

संत गोरा कुंभारांचं तेर तुमच्याकडून लांब नाही. त्या गोरोबाकाकांची गोष्ट कीर्तनात कितीदा तरी ऐकली असशील. चिखल तुडवताना काका नामात असे रंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं तरी कळलं नाही. पुढं पांडुरंगानं ते परत दिलं, आणि तिथं सगळा मंडप डोळे पुसतो. मला मात्र लहानपणापासून पाणी भरून घरी परतणारी ती आई दिसते. काकांच्या भक्तीपुढं मी नतमस्तक आहे. पण तुझ्यामाझ्या कामात पायाखाली गेलेलं परत मिळत नाही. तू तर नामात नव्हतास, टार्गेटमध्ये होतास. पायाखाली कोण आलंय ते त्या दिवशी म्हातारीनंच तुला सांगितलं. तिचे उपकार मान.

आता कामाचं बोलते. दोनदा खिशातून हप्ता भरलास, असं लिहितोस. ते थांबव. त्यानं कंपनीचं खातं भरतं, म्हातारीचं काही सुटत नाही, आणि पुढच्या मंगळवारी सगळं पुन्हा तसंच. शिवाय बहिणीच्या शिक्षणाचा खर्च तुझ्यावर आहे.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2022 पासून लागू झालेले नियम तुझ्या शाखेतही असतील. नसतील तर मागून घे आणि एका बैठकीत वाच. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोनचा तगादा नको. धमकी नको, शिवी नको. कर्जदाराच्या नातेवाइकांना त्रास देणं तर साफ मना आहे. कागदावर त्या म्हातारीची सही नसेल, तर तिला मीटिंगला बोलवायचाच तुला अधिकार नाही. आणि एकीपायी बाकीच्या बायांना डांबून ठेवणं म्हणजे त्यांच्या हातून तिला मारणं. तू हात लावला नाहीस, एवढ्यानं तू सुटत नाहीस.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. कर्जदाराच्या गरजेप्रमाणं हप्त्याची मुदत ठरवता यावी, असं धोरण प्रत्येक कंपनीनं ठेवायचं आहे. ऊसतोडीचा पैसा कसा येतो हे तुला मी काय सांगावं! उचल दसऱ्याच्या आधी, हिशेब पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. मधल्या महिन्यांत आठवड्याचा हप्ता गावात बसलेल्या म्हातारीनं आणायचा कुठून? शाखेत हे पोटातून कळणारा कदाचित तूच एकटा असशील. तुझ्याकडच्या गटांमधल्या कोयत्यावर गेलेल्या बायांची यादी कर, लेखी अर्ज दे, पोच घे. लगेच कुणी ऐकेल असं मी म्हणत नाही.

खरी दया मात्र वसुलीच्या दिवशी फार थोडी दाखवता येते. ती कर्ज देण्याच्या दिवशी दाखवायची. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असाही नियम आहे. फॉर्म भरताना ‘मागचे किती हप्ते चालू आहेत, माय?’ हे किती जणींना मनापासून विचारलंस? चौथं कर्ज मागणारीला ‘हे घेऊ नका’ म्हणालास, तर तुझा इन्सेंटिव्ह बुडेल. तो बुडू दे. एवढी किंमत मोजावी लागेल आणि ती तुला परवडेल, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

नोकरी आज सोडू नकोस. तुझ्या जागी येणारा कोयत्यावरच्या घरातला असेलच असं नाही. पण रात्री दारात जाऊन बस, असा हुकूम आला तर नाही म्हण. त्यापायी काढून टाकलं तर नीघ, मागं वळून बघू नकोस. तोवर दुसरीकडं अर्ज टाकत राहा.

मंगळवारची वाट बघू नकोस. उद्या दुपारी म्हातारीकडं जा. रजिस्टर नेऊ नकोस, गाडी लांब लाव. माफी माग, नातवंडांची विचारपूस कर, सुनेचा फोन नंबर घे आणि हप्त्याचं तिच्याशी बोल. म्हातारी चिडली तर ऐकून घे. चहा ठेवला तर नको म्हणू नकोस.

तुझी,
ताई