चंद्रावर नेला तरी किलो किलोच का राहतो?

तुमची शंका थोडक्यात अशी: चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं पण वस्तुमान बदलत नाही, असं पुस्तक सांगतं. दोन्ही मोजायची काट्यावरच, मग बदललं नाही हे कळलं कसं? आणि ते बदलत का नाही?

शंका रास्त आहे. घोळ आपल्या बोलण्यातच आहे. दुकानात आपण "वजन किती" विचारतो आणि उत्तर किलोत, म्हणजे वस्तुमानात मिळतं. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते. ओढणारा बदलला की ओढ बदलली. वस्तुमान हे त्या वस्तूचं स्वतःचं. गुळाची ढेप चंद्रावर नेली तर वाटेत तिच्यातला एकही अणू गळत नाही, अणूही तेच राहतात. मग वस्तुमान घटायचं कुठून?

("बदलत नाही" याला एक पुस्ती. वस्तूच्या आतली ऊर्जा बदलली तर वस्तुमान बदलतं. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवलं, तर ते जेमतेम ४ नॅनोग्रॅमने वाढतं. कुठल्याच काट्यावर हे दिसणार नाही. सूर्य मात्र प्रकाश देता देता दर सेकंदाला ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान घालवतो.)

आता काट्याचं. मी बरीच वर्षं सराफांचे काटे दुरुस्त केलेत. दिल्लीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा मुंबईत आणून तसाच लावला, तर १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन तो ९९.९५ च्या आसपास दाखवतो. मालक म्हणतो काटा बिघडला. बिघडलेला नसतो. त्याच्या पोटातला लोडसेल फक्त दाब मोजतो, आणि दिल्लीपेक्षा मुंबईत गुरुत्व किंचित कमी आहे: तिथे ९.७९१, इथे ९.७८६ (मीटर प्रति सेकंद वर्ग). म्हणून काटा जागेवरच, प्रमाणित वजन ठेवून पुन्हा जुळवायचा. सोन्यात ५० मिलिग्रॅमवरूनही भांडणं होतात.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही भानगड नाही. ओढ घटली तर दोन्हीकडे सारखीच घटते. तो चंद्रावर नेलात तरी किलोभर गुळासमोर किलोचंच माप ठेवावं लागेल. तुमच्या "कळलं कसं" चं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं अंतराळातलं. तिथे पारडी नुसती तरंगत राहतील. १९७३ साली स्कायलॅबवर अंतराळवीरांसाठी स्प्रिंग लावलेली खुर्ची होती. माणूस तिच्यात बसायचा, खुर्ची मागेपुढे हलायची आणि एका झोक्याला किती वेळ लागतो त्यावरून त्याचं वस्तुमान काढायचे. ज्याचं वस्तुमान जास्त तो हलायलाही कुरकुरतो आणि थांबायलाही, म्हणून झोका संथ पडतो. यालाच जडत्व म्हणतात, आणि त्यात गुरुत्वाचा संबंधच येत नाही.

घरी करून बघा. हॅक्सॉचं पातं टेबलाच्या कडेला असं आवळा की ते बाहेर आलेलं राहील आणि आडवं, म्हणजे डावी-उजवीकडे हलेल. टोकाला चिकटपट्टीने एक जाड नट बांधा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि २० झोक्यांचा वेळ मोजा. मग तसलेच तीन नट बांधून पुन्हा मोजा. पातं घट्ट आवळलेलं हवं. ढिलं राहिलं तर टेबलच थरथरतं आणि आकडे भलतेच येतात, माझे पहिल्यांदा तसेच आले होते.