वाचकांचे प्रश्न : इजिप्शियन धातू कसे चालवायचे?

प्रश्न : मी मध्य इजिप्शियन भाषा घरीच शिकते आहे. 'सेजेम' म्हणजे ऐकणे. पण 'सेजेमेफ'चा अर्थ कुठे 'तो ऐकतो', कुठे 'तो ऐकेल', कुठे 'त्याने ऐकावे' असा दिलेला दिसतो. 'एन सेजेमेनेफ'चा अर्थ मी 'त्याने ऐकले नाही' असा लावला, तोही चुकला. असे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : इजिप्शियनच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून असे होते. गाईचा कान आणि घुबड मिळून 'स्-ज्-म्', पुढचा शिंगाळा साप म्हणजे 'फ्', अर्थात 'तो'. मधले 'ए' आपण उच्चाराच्या सोयीसाठी घालतो. 'ऐकतो' आणि 'ऐकावे' यांतला फरक स्वरांत असला, तर तो लिखाणात उतरतच नाही.

म्हणून 'सेजेम' घोकत बसू नका. तो सबल धातू आहे, त्याची व्यंजने हलत नाहीत. सुरुवात दुर्बल धातूंपासून करा, कारण तिथे फरक डोळ्यांना दिसतो. 'पेरी' म्हणजे बाहेर पडणे: भाववाचक रूपाला 'त्' लागून 'पेरेत', तर 'पेरेरेफ'मध्ये 'र्' दुप्पट होतो. हे दुप्पट रूप वाक्याच्या सुरुवातीला आले, की जोर बहुधा क्रियेवर नसून पुढच्या शब्दांवर असतो. मराठीत त्यासाठी 'च' हाताशी आहेच: 'पेरेरेफ एर पेत', तो आकाशाकडेच जातो. 'इनी' म्हणजे आणणे. त्याचे इच्छार्थक रूप 'इनेतेफ', त्याने आणावे. अशा धातूंवर नजर बसली, की 'सेजेमेफ'च्या जागी मनात 'इनी' ठेवून पाहा. 'इनेतेफ' बसत असेल, तर अर्थ 'ऐकावे'.

आता नकार. तुमच्या वाक्यात दोन 'न्' आहेत. पसरलेले दोन हात म्हणजे नकाराचा, पाण्याची नागमोडी रेघ म्हणजे भूतकाळाचा. नागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून सराव मूळ चिन्हांवरच करावा. नकार लागला की काळ जणू उलटतात: 'एन सेजेमेफ' म्हणजे 'त्याने ऐकले नाही', आणि 'एन सेजेमेनेफ' म्हणजे 'तो ऐकत नाही' किंवा 'त्याला ऐकू येत नाही'. इंग्रज इजिप्ततज्ज्ञ बॅटिसकोम गन यांनी १९२४ साली हा नियम मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

होकारी भूतकाळ मराठी माणसाला सोपा जावा. 'त्याने ऐकले' पण 'तो गेला', असा भेद आपण करतोच. इजिप्शियनमध्येही सकर्मक धातूला 'इउ सेजेमेनेफ' ('इउ' हा वाक्य सुरू करणारा शब्द, 'फ्' जोडला की 'इवेफ'), तर गतिवाचक धातूला सहसा स्थितिदर्शक रूप लागते. त्याचे प्रत्यय वेगळे: मी 'कू', तू 'ती', तो 'उ'. हा 'उ' लेखनिक बहुधा गाळतात, तेव्हा 'इवेफ पेर' दिसले तर रूप अपुरे समजू नका. अर्थ 'तो बाहेर पडला आहे'.

आणखी एक जागा सांभाळा. कर्ता नाम असेल तर 'सेजेमेन नेचेर' म्हणजे 'देवाने ऐकले'. पण पाण्याची तीच रेघ 'ला' किंवा 'साठी' या अर्थीही येते. पुढे दुसरा कर्ता सापडतो का, हे आधी पाहा आणि मगच अर्थ ठरवा.