रिपोर्टात ‘मध्यम’, मग बाबांना एवढी धाप का?

तुम्ही विचारलंय: बाबा ६८ वर्षांचे, सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रिपोर्टात एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ६२ टक्के, म्हणजे ‘मध्यम’, पण देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. सोबत मधुमेह, आणि दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. मग रिपोर्ट चुकला का?

मी डॉक्टर नाही. फोंड्यात बरीच वर्षं लोकांना नळीत फुंकायला लावायचं, म्हणजे हीच तपासणी करायचं काम करते. माझ्या मते रिपोर्ट बरोबर असेल. ५० ते ७९ टक्के म्हणजे ‘मध्यम’, पण हा शेरा श्वासनळ्या किती अडल्यात एवढंच सांगतो. म्हणून गोल्डच्या (सीओपीडीवरच्या जागतिक तज्ज्ञगटाच्या) मार्गदर्शिकेने २०११ पासून त्याला आणखी दोन गोष्टींची जोड दिली: धाप किती लागते (पायरी ० ते ४, ४ म्हणजे सगळ्यात जास्त) आणि वर्षभरात आजार कितीदा उसळला, म्हणजे एकाएकी बळावला.

खरी गोम धापेच्या पायरीत आहे. धाप कुठून येते, हे तिथे कोणी विचारत नाही. हृदय कमजोर असो, रक्त कमी असो की वजन जास्त, माणूस ‘३’ म्हणतो आणि तो ३ फुप्फुसाच्या खात्यावर जमा होतो. मग ओढायच्या औषधाचे पंप वाढतात, धाप तशीच. बाबांना विचारा: उताणं झोपल्यावर दम वाढतो का? संध्याकाळी पाय सुजतात का? दोन-तीन दिवसांत वजन चढतं का? ‘हो’ आलं तर हृदयाकडे बघायला हवं; टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) यांबद्दल डॉक्टरांशी बोला. फुप्फुसात पाणी साचलेलं असताना फुंकलं तर एफईव्ही-वनही खाली येतो, तेव्हा तपासणी तब्येत स्थिर असतानाचीच धरा.

उलटंही होतं. डिचोलीकडच्या एक मावशी आल्या होत्या, जन्म चुलीपुढे गेलेला. “दम? छे गो, मला कुठला दम!” पायरी शून्य. फुंकल्यावर एफईव्ही-वन आला ३८ टक्के. मग कळलं, गुडघ्यांमुळे त्या अंगणापलीकडे जातच नाहीत, बाजारहाट मुलगा करतो. चालायचंच नाही, तर दम लागणार कधी? सहा मिनिटं चालायची चाचणी दुसऱ्याच मिनिटाला थांबली, तीसुद्धा गुडघ्यांमुळे.

एक सांगायलाच हवं. अटॅकनंतरची मेटोप्रोलोलसारखी गोळी ‘छातीला वाईट’ म्हणून कोणी शेजाऱ्याने बंद करायला सांगितली, तर ऐकू नका. या जातीच्या गोळ्या सीओपीडीत सहसा चालतात. बदल करायचा तर डॉक्टरच करतील. आणि उसळीत स्टिरॉइड दिलं तर साखर चढते, ती त्या दिवसांत जास्त वेळा तपासा.

पुढच्या वेळी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला जाल तेव्हा हृदयाची फाइलही न्या. छातीच्या ओपीडीला जाताना लोक छातीचीच फाइल उचलतात, एकोचा कागद घरी कपाटात राहतो.