झोपडपट्टीतल्या सिनेमाचा आवाज जागेवर घ्यावा की नंतर डब करावा?

प्रश्न: 'स्लमडॉग मिलियनेअर'मधल्या लहान मुलांचे संवाद खऱ्या वस्तीतच रेकॉर्ड केले होते का? आम्ही चौघे मित्र वस्तीत वाढून पुढे मोठा झालेल्या एका मुलावर ४० मिनिटांचा सिनेमा करतोय. जागेवर आवाज घ्यावा की सरळ डब करावं?

उत्तर:

जागेवरच घ्या. 'सरळ डब' म्हणणाऱ्याला एकदा बारा वर्षांच्या पोरासोबत डबिंगच्या खोलीत चार तास कोंडायला हवं.

त्या सिनेमाला २००९ मध्ये ८ ऑस्कर मिळाली आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते 'जय हो'. त्या आठांतलं एक ध्वनिमिश्रणाचं होतं. ते तिघांना मिळून मिळालं आणि त्यातले रसूल पूकुट्टी हे लोकेशनवर आवाज घेणारे, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत शिकलेले. एकूण एक वाक्य जागेवरचं, असा सिनेमा जगात क्वचितच असेल. पण ती मुलं पळताना धापा टाकतात तो श्वास ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा. सिनेमा इंग्रजी असून मुलांचा भाग हिंदीत ठेवला, त्याचाही फायदा झाला. पोरगं स्वतःच्या भाषेत बोललं की वाक्य कुठे तोडायचं ते त्याला शिकवावं लागत नाही.

त्या सिनेमाचा बराचसा भाग एसआय-२के या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला. पुढचा भाग मुठीत मावेल एवढा, रेकॉर्डिंगचं सामान पाठीवर. कॅमेरामन गल्लीत कुठेही शिरतो आणि लोकांना शूटिंग चालू आहे याचा पत्ता लागत नाही. छायाचित्रणाला हे वरदान, आवाजवाल्याला डोकेदुखी. मोठं युनिट दिसलं की वस्ती निदान दोन मिनिटं तरी गप्प होते. लहान कॅमेऱ्यासमोर मिक्सर, मोटर, भांडण, सगळं चालूच राहतं. तुमचाही कॅमेरा लहानच असणार, म्हणून सांगतोय.

डबिंगची सवय आली कुठून? जुना अ‍ॅरी २सी कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडायचा, त्यामुळे जागेवरचा आवाज नुसता अंदाजासाठी घ्यायचे. 'लगान'ने २००१ मध्ये उघड्या माळावर सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच जागेवर घेतलेला आवाज, करून दाखवला. आता डिजिटल कॅमेरा फारसा आवाज करत नाही. कारण गेलं, सवय उरली.

आता तुमच्यासारखाच एक सिनेमा. वस्तीतला मुलगा, वय बारा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, अर्ध्या भागावर पोटमाळा. दिग्दर्शकाने आवाजाचे दोन दिवस कापले, 'पोराचं पुढे डब करू' म्हणून. मे महिन्यात शूटिंग आणि डबिंगची तारीख निघाली ऑक्टोबरअखेर. दरम्यान पोराचा आवाज फुटला! पडद्यावर कोवळा चेहरा आणि तोंडातून घोगरा आवाज. दुसऱ्या मुलाकडून करून पाहिलं, तर ओठ जुळले पण आईला मारलेली हाक कोरडी आली. शेवटी वाचवलं कशाने, तर वाइल्ड ट्रॅकने. प्रत्येक शॉट ओके झाला की कॅमेरा बंद करून, त्याच जागी, त्याच वाक्यांचा आवाज दोनदा घेऊन ठेवला होता. तेव्हा 'फुकट वेळ घालवताय' म्हणून ओरडा खाल्ला होता. सिनेमा लागला तेव्हा त्या वाक्यांचं कौतुक डबिंगच्या खात्यात जमा झालं, ती गोष्ट वेगळी.

वाइल्ड ट्रॅक घेताना एक चूक सगळे करतात. पोराला उभं करून वाक्य म्हणायला लावतात. दृश्यात तो पळत आला असेल तर आधी त्याला गल्लीत वीस-तीस पावलं पळवा, धाप लागू द्या, मग बोलू द्या. नाहीतर तो तुकडा मधे बसत नाही.

पत्र्याच्या खोलीत आवाज का बिघडतो तेही समजून घ्या. भिंती समोरासमोर, कडक आणि जवळ असतात, म्हणून आवाज आदळून लगेच परत येतो आणि डब्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. लांब शॉटगन माइक (समोरचाच आवाज टिपणारी लांब नळी) इथे उलट त्रास देतो, कारण बाजूने परतणारा आवाज तो रंग बिघडवून घेतो. खोलीत हायपरकार्डिऑइड (समोरचा आवाज घेणारा आखूड माइक) वापरा, शॉटगन बाहेर गल्लीसाठी ठेवा. कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा, खाली सतरंजी पसरा, पत्र्याच्या आतल्या बाजूने कापड ताणा. गोधड्या शेजारणीकडून मिळतात, पैसे खर्च करू नका. पावसाची भीती असेल तर पत्र्यावर गोणपाटाचे दोन थर किंवा काथ्याची चटई टाका, थेंबांचा ताशा बऱ्यापैकी बसतो. धो धो पाऊस असेल तर मात्र घरी जा.

मुलांवर लेपल माइक (कपड्यात लपवायचा छोटा माइक) लावताना घाम हा शत्रू. माइक कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवून मगच मायक्रोपोरने (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) अंगावर लावा. शाळेचा गणवेश टेरिकॉटचा असेल तर खसखस अटळ, शर्ट आदल्या दिवशी दोनदा धुऊन मऊ करा. ट्रान्समीटर (माइकचा आवाज बिनतारी पाठवणारी डबी) कमरेला लावला तर पळताना आपटून धबधब येते, मांडीला इलॅस्टिकच्या पट्ट्याने घट्ट बांधा. पोरगं उघडं असेल तर लेपल सोडाच, बूमवाल्याला (काठीवर माइक धरणाऱ्याला) पळायची सवय लावा. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे स्वस्त वायरलेस सेट वस्तीत धोका देतात. घरोघरी वायफाय आणि त्यात मधे माणसांची गर्दी, दहा-पंधरा मीटरवरच सिग्नल तुटायला लागतो. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड करणारा सेट भाड्याने घ्या आणि ३२ बिट फ्लोट (आवाज एकदम चढला-उतरला तरी फाटू न देणारी रेकॉर्डिंगची पद्धत) असेल तर उत्तमच. मूल कुजबुजेल आणि पुढच्या सेकंदाला किंचाळेल, तिथे हाताने लेव्हल सांभाळणं होत नाही.

शूटिंगआधी एक अख्खा दिवस त्या गल्लीत नुसतं बसा आणि वही भरा. नळाला पाणी किती वाजता येतं (तेव्हा हंडे, मोटरी आणि भांडणं, तासभर विसरा), अजान आणि आरतीच्या वेळा, कुकरच्या शिट्ट्या, विमानं दर किती मिनिटांनी. धारावीसारख्या ठिकाणी प्लास्टिक दळायची यंत्रं आणि शिलाई मशिनं दिवसभर चालतात, त्यांची सुट्टी कोणत्या वारी ते विचारा. साधारण दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, रात्री सातनंतर प्रत्येक घरात मालिका. 'शांत बसा' असं ओरडू नका, एकाला गप्प केलं की दहा जण काय झालं ते विचारायला येतात. गल्लीच्या दोन्ही तोंडांवर तिथलाच एकेक पोरगा बसवा, त्याला रोजचे पैसे द्या. पंखे बंद केले की पत्र्याखाली भट्टी होते, म्हणून टेक दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि मुलांना मधे बाहेर काढा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर ठेवा आणि प्रत्येक टेकला क्लॅप द्या, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मोबाइलवर शूट करत असाल तर फ्रेम रेट स्थिर ठेवणारं अ‍ॅप वापरा, नाहीतर लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. जागा सोडण्याआधी सगळे उभे असतानाच ६० सेकंद रूम टोन, म्हणजे कोणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज, घ्या.

मुद्द्याची गोष्ट इथे आहे, तुम्ही ती विचारली नाही. झोपडीत 'बाहेरचा आवाज' असं काही नसतंच. शेजारचा टीव्ही, पलीकडचा खोकला, वरच्याच्या पोटमाळ्यावरची पावलं, सगळं आपल्याच घरात. तुमचा नायक पुढे फ्लॅटमध्ये जाईल तेव्हा संगीत वाढवू नका, हे आवाज काढून घ्या. त्यासाठी ते आधी सुटे सुटे घेतलेले असायला हवेत. डावीकडच्या भिंतीला माइक लावून पाच मिनिटं, उजवीकडे पाच, छपराखाली पाच, पहाटेचे वेगळे, रात्रीचे वेगळे. डब केलेल्या सिनेमात हे सगळं लायब्ररीतून येतं आणि मुंबईच्या वस्तीत कुठलेतरी परदेशी पक्षी ओरडतात.

आता थोडं मागे येतो. हमरस्त्याच्या किंवा रेल्वे रुळांच्या अगदी कडेची दृश्यं असतील तर ती डब करावीच लागतील, तिथे हट्ट नको. ती त्याच आठवड्यात करा, सहा महिन्यांनी नाही. आणि तुमच्याकडे आवाजासाठी वेगळा माणूसच नसेल, कॅमेरावालाच हेडफोन लावणार असेल, तर वरचं निम्मं जमणार नाही. चौघांपैकी एकाला फक्त हेच काम द्या.

टेकसाठी कोणाच्या घरातला फ्रिज बंद केला तर स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवा. पॅकअपनंतर किल्लीशिवाय निघता येत नाही, आणि त्या माउलीचं दूध नासत नाही.